बातम्यांचा आवाज

अठरा वर्षं रेडिओवर बातम्या वाचून वाचनावरचं मनच उडालं, म्हणून आठ दिवसांची रजा टाकून मी माहेरी आले. पुन्हा जीव लावून वाचायचं होतं. अण्णांची नजर गेलेली. म्हणाले, "तू लहान असताना जी वाचून आपण दोघं रडलो, ती नावाड्याची गोष्ट वाच." मी वाचू लागले. नाव बुडाली, नावाड्याची लेक हातातून निसटली, पण माझा आवाज तसूभरही हलला नाही. अण्णा हसले, "आता हवामान सांगणार वाटतं?" मी ते पान पुन्हा वाचलं, मग पुन्हा. लेक तीनदा बुडाली, डोळे कोरडेच. "राहू दे, बाई," म्हणत त्यांनी चाचपत पुस्तक मिटलं आणि गोष्ट स्वतःच सांगायला घेतली. लेकीपाशी येताच त्यांचा आवाज अडला. स्टुडिओतल्या सवयीनं मी पाण्याचा पेला हाती दिला. "घसा नाही गं बसला, बाळा."