किंगरीची तहान

मुलांनो, कल्पना करा. केळापूरजवळच्या टेकडीवर, भर दुपारी अर्पिता ओसरीवर बसली आहे. तिच्या मांडीवर आजोबांची किंगरी आहे, गजानं वाजवायचं तीन तारांचं जुनं वाद्य.

"आज तू नाही वाजवली, त उद्या संग्रहालयवाले घेऊन जातीन," आजोबा म्हणाले.

अर्पिताला ती कुणालाच द्यायची नव्हती. घरच्या रीतीप्रमाणे तिनं आधी वाटीत उरलेला मोहाच्या दारूचा थेंब किंगरीच्या कातड्यावर सोडला.

थेंब आत गेला. कातडं कोमट झालं, बुळबुळीत झालं. त्याला न धुतलेल्या तोंडासारखा वास येऊ लागला.

"आजा, हे गिळून राह्यलं!" ती नाक दाबून ओरडली.

"मंग? तिले उपाशी वाजवतं का, पोरी?" आजोबा हसले.

कातडं हललं, अजून मागू लागलं. वाटी रिकामी होती.

अर्पितानं डोळे मिटले आणि आपली करंगळी कातड्यापुढं केली.