ओर्फाबाईंची पानं

"आई, टेबलक्लॉथ उलटा पडलाय."

"सुलटा आहे. शिवण खाली आहे बघ," ओर्फाबाई म्हणाल्या आणि कापडावरून हात फिरवत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या.

लोर्नाने वाकून पाहिलं. शिवण खरंच खाली होती. सकाळपासून ती आईची चूक शोधत होती आणि अजून एकही हाती लागली नव्हती.

लोर्नाचं म्हणणं एकच होतं, आईला आता दिसत नाही. मिनेसोटाच्या थंडीत एवढ्या मोठ्या घरात तिने एकटीने राहायचं म्हणजे नसतं संकट ओढवून घ्यायचं. गावातल्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. तिचा फॉर्म लोर्नाच्या ॲप्रनच्या खिशात होता, फक्त सही बाकी होती.

"थँक्सगिव्हिंगचं टेबल मी एकटी मांडते," ओर्फाबाईंनी तिला फोनवर सांगितलं होतं. "जेवणाआधी पानंही दरवर्षीसारखी मीच वाचते. अडले तर सही करते. नाही अडले, तर तो फॉर्म सगळ्यांसमोर तू फाडायचास आणि पुन्हा हा विषय काढायचा नाहीस."

एक्याऐंशीव्या वर्षी असली पैज लावायची म्हणजे खुमखुमीच. पण हे घर सोडायला ओर्फाबाई तयार नव्हत्या. तिथल्या दर फळीची कुरकुर त्यांना पाठ होती.

मधोमध लाकडी वाडगा आला. त्याच्याभोवती लवंगा टोचलेली संत्री, पाइनची फळं, मुठीएवढे भोपळे, गव्हाच्या लोंब्या. दोन ताटांमध्ये दीड वीत अंतर त्यांनी हाताने मोजलं. मुलगा ड्वेन मेणबत्त्या लावायला पुढे झाला, तर त्यांनी त्याच्या हातातून काड्यापेटी काढून घेतली.

"तू बस. गेल्या वर्षी नॅपकिन पेटवलास तेवढं पुरे."

"एकदाच पेटवला," ड्वेन म्हणाला.

"दोनदा," त्याची बायको थिया म्हणाली.

मेणबत्त्या पेटल्या. नॅपकिन शाबूत राहिले.

मग ओर्फाबाईंनी पानं काढली. किराणाच्या जाड तपकिरी पिशव्यांतून मेपलच्या पानासारखी कापलेली. यंदा कशाबद्दल आभार मानायचे ते प्रत्येकाने पानावर लिहायचं, घडी घालून वाडग्यात टाकायचं. नाव घालायचं नाही. ओर्फाबाई वाचणार आणि बाकीच्यांनी कोणाचं ते ओळखायचं. त्यांनी दहा कापली होती. चार वाटली आणि उरलेली स्वयंपाकघरातल्या खणात टाकून आल्या. तो खण उघडताना आणि लावताना रेड्यासारखा रेकायचा.

"बॉलपेनने लिहा, आणि जरा दाबून," त्या म्हणाल्या. "केर्मिट, गेल्या खेपेला तुझं अक्षर मुंग्यांसारखं होतं."

"दाबतो, आई," जावई म्हणाला. "पान फाटलं तर दुसरं द्या."

चौघांनी जाड टेबलक्लॉथवरच पानं ठेवून लिहिलं. लोर्नाने सगळ्यांची गोळा करून वाडग्यात टाकली.

"वाडग्यात थोड्या लोंब्या खोचून आणते. बोडका दिसतोय," ती म्हणाली आणि वाडगा घेऊन आत गेली. आत खण रेकला. थोड्या वेळाने ती परत आली, वाडगा जागेवर ठेवला आणि आईच्या समोरच्या खुर्चीत बसली. बसताना तिच्या ॲप्रनच्या खिशात कागद कुरकुरला.

"फॉर्म जपून ठेव हो," ओर्फाबाई म्हणाल्या. "फाडायचाय आपल्याला."



ओर्फाबाईंनी पहिलं पान उचललं. घडी उलगडली, अंगठ्याने पान सपाट केलं. क्षणभर त्या तशाच थांबल्या. ड्वेनने खाली पाहिलं. त्याला आईची दया आली आणि दया आल्याची लाजही वाटली.

"'माझी जुनी गाडी या थंडीतही एका किल्लीत सुरू होते,'" ओर्फाबाईंनी वाचलं. "हे कोणाचं, सांगायला हवं का?"

ड्वेनने हसून हात वर केला. गेली नऊ वर्षं तो हेच लिहीत होता.

दुसरं पान. "'नवऱ्याने यंदाही हरीण गॅरेजमध्येच सोललं, घरात आणलं नाही.'"

"थिया," केर्मिट म्हणाला.

तिसरं पान. "'सासूबाईंच्या हातचं टर्कीतलं स्टफिंग.' लोचटपणा करायचा तर तो तरी नवा करावा माणसाने."

केर्मिटने छातीवर हात ठेवून मान झुकवली. टेबलावर हशा झाला, टर्कीचा वास दरवळत होता, आणि ड्वेनने 'आता पुरे झालं' अशा नजरेने बहिणीकडे पाहिलं.

लोर्नाला पुरे झालं नव्हतं. बाकीचे तिघे दरवर्षी तेच लिहायचे. ती मात्र दरवर्षी नवीन लिहायची आणि काय लिहील ते कधी कोणाला आधी सांगता आलं नव्हतं. शेवटचं पान तिचं होतं. तिने खुर्ची पुढे ओढली.

"आता माझं वाच, आई," ती हळू आवाजात म्हणाली.

ओर्फाबाईंनी चौथं पान उलगडलं. अंगठा एकदा फिरवला, मग पुन्हा एकदा, सावकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत. लोर्नाचा हात खिशाकडे गेला. दुसऱ्या हाताने तिने पेन काढून आईच्या ताटाशेजारी ठेवलं.

ओर्फाबाईंनी पेन बाजूला सारलं आणि पान टेबलावर पालथं टाकलं.

"यावर बोटाला एकही अक्षर लागत नाही, आणि आधीच्या तिन्हींवरही लागलं नव्हतं. ही खणातली कोरी पानं आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही दाबून लिहिलेली चारही पानं तुझ्या खिशात फॉर्मपाशी आहेत, लोर्ना, ती इकडे दे, म्हणजे तुझं वाचते, आणि तोवर तू फॉर्म फाडायला घे."