सुनेची श्वासपट्टी

भागीरथीबाईंच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्याच साली गावातल्या दमेकऱ्यांना श्वासपट्ट्या मिळाल्या. छातीवरची पट्टी श्वास मोजायची, लागेल तसं औषध सोडायची. काढून ठेवली तर शहरातल्या केंद्रातून लगेच फोन यायचा.

सून शेवंता सात महिन्यांची गरोदर होती. औषध बाळाला बाधेल म्हणून भागीरथीबाईंनी तिची पट्टी काढून आपल्याच छातीला चिकटवली.

"आत्याबाई, दम लागला तर?"

"माझी पाच बाळंतपणं काय पट्टीवर झाली? गप बस."

कापूस वेचता वेचता शेवंता धापा टाकत खाली बसली. भागीरथीबाईंनी घाबरून केंद्राला फोन लावला.

"काळजी नको. शेवंताचा श्वास उत्तम चालू आहे," यंत्र म्हणालं.

त्यांनी पट्टी ओरबाडून सुनेला लावली, पण तोवर तिचे ओठ निळे पडले होते.

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, भर दुपारी, शेवंता आणि तिच्या पोटातलं बाळ गेलं.