ठरावाबाहेरची गाडी

मेंटेनन्स थकवणाऱ्याची गाडी गेटच्या आत येता कामा नये, हा ठराव चेअरमनसाहेबांनी स्वतःच मांडून स्वतःच मंजूर केला होता. त्यामुळे फिरून परत आल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या थकबाकीदाराची गाडी लिफ्टसमोर, थेट त्यांच्याच गाडीला आडवी लावलेली दिसली, तेव्हा त्यांचं डोकंच फिरलं. त्यांनी वॉचमनची गचांडी धरली.

"कुणाला विचारून आत घेतलीस?"

"साहेब, वर..."

थोबाडीत बसली. "वर देव आणि खाली मी. मधे तिसरा कोण आला?"

वॉचमनने पुन्हा तोंड उघडलं, तर या खेपेला ठोसा बसला आणि ओठ फाटला. मग त्याच्याच टेबलाच्या खणातला स्क्रूड्रायव्हर घेऊन चेअरमनसाहेबांनी एकेक टायर भोसकला. शेवटच्या टायरात दोनदा खुपसला. दुसरा घाव व्याजाचा.

गाडी फुसफुसत खाली बसली, तोच लिफ्ट उघडली. थकबाकीदाराने चेअरमनसाहेबांच्या आईला दोन्ही हातांवर उचलून आणलं होतं. म्हातारीचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं आणि डोळे फिरले होते. मागोमाग धावत आलेल्या सुनेला नवऱ्याआधी टायर दिसले. ती वॉचमनवर कडाडली, "गाडी दाराशी लावून घे आणि तिथून हलू नकोस, असं बजावलं होतं ना तुला? कुणी केलं हे?"

वॉचमनने ओठावरचं रक्त पुसलं आणि चेअरमनसाहेबांकडे पाहिलं.

"आता सांगू का, साहेब?"