कोठीची किल्ली

भाजीच्या टोपलीवर माऊसने टिचकी मारली की पडद्यावर झुरळं सैरावैरा पळायची. मोरीवर मारली की काळं पाणी फसफसून वर यायचं. उत्तमरावांनी नाकाला रुमाल लावला. वास अर्थातच येत नव्हता, पण त्यांचं नाकच तसं होतं.

खेळ दीपमालाने केला होता. अकोटची पोरगी, अमरावतीत कॉम्प्युटर शिकणारी, संस्थेच्या वसतिगृहात राहणारी. खेळ जेमतेम वीस मिनिटांचा. एक घाणेरडं स्वयंपाकघर, त्यातल्या वस्तूंवर टिचक्या मारत कोठीची किल्ली शोधायची आणि कोठी उघडायची, बस. स्वयंपाकघर तिनं वसतिगृहाच्या खाणावळीचंच काढलं होतं, फोटो समोर ठेवून.

"हुबेहूब," उत्तमराव म्हणाले. "पाहा खुशालराव, ह्या घाणीत ते बाई पोरीयले जेवू घालत होती."

खुशालराव संस्थेचे सचिव. दुर्गाबाईला कामावरून काढायचा कागद त्यांच्यापुढे तयार होता, सही तेवढी राहिली होती. दुर्गाबाई दाराशी उभी होती. बावीस वर्षं त्या खाणावळीत स्वयंपाक केलेली बाई, पण तिला खाली बस म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं.

झालं होतं ते किळसवाणंच. पंधरवड्यापूर्वी वरणात अळ्या निघाल्या. पांढऱ्या, फुगलेल्या, शिजून डाळीच्याच रंगाच्या झालेल्या. बऱ्याच जणींना त्या दिसल्या तेव्हा अर्धं ताट संपलं होतं. चाळीस पोरी आजारी पडल्या, दीपमालाला दोन दिवस सलाईन लागलं. बरं, नवी तूरडाळ आदल्याच दिवशी आलेली, चांगली स्वच्छ, सगळ्यांनी पाहिलेली. मग कोठीत किडकी डाळ आली कुठून?

खाणावळीचे व्यवस्थापक उत्तमराव. त्यांनी चौकशीत सरळ सांगितलं, की बाईनं चांगलं पोतं घरी नेलं आणि त्या जागी किडकं ठेवलं. कोठीची किल्ली तिच्याकडेच असते. दुर्गाबाई म्हणाली, किल्ली मी घरी नेत नाही, जाताना स्वयंपाकघरातच ठेवते. असेल, उत्तमराव म्हणाले, आपल्याला काय ठाऊक. नऊ वर्षांत आपण त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं नाही, दारातूनच उमासे येतात. ते कोणालाही पटण्यासारखं होतं, कारण ते डबाही घरून आणत. दुर्गाबाईला मग पुढं कोणी काही विचारलं नाही.

नुसतं काम गेलं असतं तर बाईनं कुठंही पोळ्या लाटल्या असत्या. पण पोरींना अळ्या खाऊ घालणारी चोर म्हटल्यावर तिला कोण चुलीजवळ उभं करणार होतं?

खेळ आधी पाहून घ्या, मग सही करा, असं उत्तमरावच म्हणाले होते. आजारी पडलेल्या पोरीनंच घाण दाखवली म्हटल्यावर बाईच्या बाजूनं बोलायला कोणी उरणार नव्हतं.

आधी खुशालरावांनी माऊस हातात घेतला. मांडणीवरचे डबे उघडले, चुलीमागची राख उकरली. पिठाच्या डब्यात किडे वळवळत होते. खरकट्याच्या बादलीवर टिचकी मारली तर माश्या उठल्या आणि आत अळ्यांचा लगदा हलला. खुशालरावांनी घाईनं बाण तिथून काढला. किल्ली काही मिळेना.

"सगळ्या इथंच अडकतात," दीपमाला म्हणाली. वसतिगृहातल्या सव्वीस जणींनी खेळून पाहिलं होतं, एकीलाही किल्ली सापडली नव्हती.

उत्तमराव हसले. "द्या इकडं. पोरीचा खेळ तो, त्यात काय हाय एवढं."

त्यांनी बाण थेट खरकट्याच्या बादलीवर नेला. पहिल्या टिचकीला माश्या उठल्या. दुसरीला आंबलेलं पाणी हिंदकळून बाहेर आलं. तिसरीला बादली बाजूला सरकली. मागच्या भिंतीलगत एक फरशी होती, बाकीच्यांसारखीच. तिच्यावर त्यांनी टिचकी मारली, ती उचलली गेली, खाली किल्ली होती. कोठीचं दार उघडलं आणि खेळातली घंटा वाजली.

"पाच मिनटं बी नाई लागले," उत्तमराव म्हणाले आणि रुमालानं बोटं पुसू लागले.

दीपमाला पडद्याकडे पाहतच नव्हती. ती खुशालरावांकडे पाहत होती. खुशालरावांनी पेनाचं टोपण लावलं आणि दाराकडे वळून, पंधरा दिवसांत दीपमालाशिवाय कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"दुर्गाबाई, किल्ली तुमी ठेवता कुठं?"

"बादलीमागच्या फरशीखाली, साहेब," दुर्गाबाई म्हणाली. "तिथं किळसीनं कोणी हात घालत नाई म्हणून."