आठवड्याचे डबे

ओव्हन तापायला लावून सासूबाईंनी रबरी मोजे चढवले, तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली आणि फ्रीजमधून कोंबडीचं पातेलं बाहेर काढलं. जन्मात कधी त्या मांसाला शिवल्या नव्हत्या. घरात मुलगा खायचा, सून खायची. यांच्या घशाखाली अंडंसुद्धा कधी उतरलं नव्हतं. पण तीन महिन्यांपूर्वी मुलगा अपघातात गेला आणि सुनेने स्वयंपाकघरात पाऊल टाकणं जवळजवळ सोडलं. दिवसभर दुकानात उभी राहणारी पोर, उपाशी राहून कसं चालायचं? तेव्हा मुलाचं रविवारचं काम यांनी आपल्या अंगावर घेतलं.

काम तसं सोपं होतं. स्वस्तात मिळतं म्हणून तो चिकन ब्रेस्टचं मोठं पाकीट आणायचा आणि एका दमात आठवड्याचे डबे करून टाकायचा. शनिवारी रात्री सून फ्रीजरमधले तुकडे पातेल्यात पाण्यात घालून ठेवी. रविवारी सकाळी सासूबाई ते पाणी ओतून देत, तुकडे कागदाने टिपत, जाड बाजू आडवी चिरून सपाट करत, तेल आणि मिरपूड चोळत. मुलाला दारातून बघून बघून त्या एवढं शिकल्या होत्या. मीठ तो कधी घालतो, हे मात्र त्यांनी काही पाहिलं नव्हतं. म्हणून मीठ त्या आपल्या अंदाजाने घालत. चाखून बघायचा तर प्रश्नच नव्हता.

आज त्यांचा हात चालत नव्हता. काल सुनेचा भाऊ येऊन गेला. त्याच्या गावात तिच्यासाठी नोकरी होती, घरात एक खोलीही रिकामी होती. आज संध्याकाळपर्यंत कळव म्हणाला. रात्रभर सासूबाईंचा जीव टांगणीला लागला होता, पण विचारायचं धाडस होईना. त्यांनी मुकाट्याने ट्रे गच्च भरला. आठवड्याचं करून ठेवलं की माणूस आठवडाभर तरी हलणार नाही, असा आपला त्यांचा वेडा हिशोब.

आणखी एक गोष्ट त्यांना डाचत होती. काल त्यांनी भावाला डब्यातलंच गरम करून वाढलं. त्याने एक घास घेतला, बहिणीकडे पाहिलं, ग्लासभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "माझं पोट भरलंय." सून मान खाली घालून जेवत राहिली. सासूबाईंनी ते पाहिलं होतं.

ट्रे बाहेर काढून त्यांनी तुकडे थोडे निवू दिले. मग एका हातातला मोजा काढला, कडेचा एक तुकडा चिमटीत धरला, डोळे मिटले आणि तोंडात टाकला.

"अगं, इकडे ये जरा."

सून दारात आली. त्यांच्या हातातला उरलेला तुकडा बघून ती जागीच थबकली. "आई, तुम्ही खाल्लंत?"

"ते राहू दे. हे दर आठवड्याला असंच असतं? मिठाचा खडा चावल्यासारखं लागतंय. मी तर बेताचंच घालते गं."

"मीही घालते," सून हळूच म्हणाली. "त्या पाण्यात मीठ असतं, आई. तो रात्री मिठाच्या पाण्यातच भिजवायचा. मग वरून घालायचं नसतं."

सासूबाईंनी बेसिनकडे पाहिलं. दर रविवारी ते पाणी त्या साधं समजून ओतून देत होत्या.

"मग बोलली का नाहीस? मी नसतं घातलं."

"कुठल्या तोंडाने बोलू? तुम्ही श्वास कोंडून माझ्यासाठी करत होतात."

"बरं, मग तू तरी भिजवायचं थांबवायचंस."

"ते नाही जमलं." सून ओट्याला टेकली. "शनिवारी तो भिजवत असायचा तेव्हा मी इथेच उभी राहून दुकानातल्या गमती सांगायची. आता मी भिजवते आणि थोडा वेळ अशीच उभी राहते. त्याचं तेवढंच काय ते माझ्याकडे उरलंय."

सासूबाईंना भडभडून आलं. पण त्यांनी घाईघाईने मुद्द्याचं बोलून घेतलं. "बरं बरं. पुढच्या रविवारी मी मिठाला हात लावणार नाही. तुझं तू भिजव, माझं मी भाजते. झालं?"

सुनेने ओव्हन बंद केला.

"पुढच्या रविवारी मी नसेन, आई. आताच दादाला हो म्हणून सांगितलं. मंगळवारी निघते. इथे शनिवार आला की मला सगळं नकोसं होतं. तुमच्यावर राग नाही हो माझा."

"मला माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. रडू आलं ते त्यांनी लपवलं नाही. खांद्याला डोळे पुसले, दुसरा मोजाही काढून टाकला आणि कपाटातून दोन ताटल्या काढल्या.

"आई, दोन कशाला?"

त्यांनी दोन्ही ताटल्यांत भात वाढला, तुकडे कापून वर ठेवले, पाण्याचा जग मध्ये ठेवला आणि सुनेसमोर खुर्ची ओढून बसल्या. पहिला घास त्यांनी कसाबसा गिळला. दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं.

"राहू द्या ना, आई. तुम्हाला नाही खाववणार ते."

"तू तीन महिने खाल्लंस," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा घास उचलला.