छाटलेली कड

नवा फोन आईच्या उशाशी ठेवून हेमांगीनं बटण दाबलं. जुना फोन काल कायमचा बंद पडला होता. त्याच्या सुरुवातीचं अ‍ॅनिमेशन, म्हणजे फोन सुरू होताना पडद्यावर हलणारा घरच्यांचा अंगणातला फोटो, काल दुपारी तिनंच नव्या फोनवर बसवलं होतं. पडदा अरुंद निघाला. चित्र दाबून बसवलं तर चेहरे लाटल्यासारखे दिसायचे, म्हणून तिनं कडा छाटल्या.

झोपेत आईची सगळी माणसं पुसली जात. सकाळी फोन सुरू होताना जे चेहरे दिसतील, तेवढेच तिच्या डोक्यात बसवलेली चकती तिला परत देई. मग पुन्हा झोपेपर्यंत त्यात काही भर घालता येत नसे.

अंगणातला फोटो हलू लागला. बाबा हसले. भाऊ निरंजननं हात हलवला. आईनं समोर पाहिलं.

"तू कोण गं? आत कशी आलीस?"

हेमांगी पुढे झाली. "आई, मी हेमा!"

"निरंजन!" आई भिंतीकडे सरकली. "अरे, घरात कुणीतरी शिरलंय!"

हेमांगीनं फोन उचलला. काल सगळ्यांचे चेहरे तिनं नीट तपासले होते; स्वतःचा शोधायचं तिला सुचलंच नव्हतं. फोटोत ती आईच्या मागे, उजव्या कडेला उभी होती. आता तिचं एवढंच उरलं होतं: आईच्या खांद्यावरची चार बोटं.

"घाबरू नकोस गं," म्हणत हेमांगीनं सवयीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

आईनं मान वळवून बोटांकडे पाहिलं आणि ती किंचाळली, "तोच हात! अंगणातसुद्धा माझ्यामागे हाच होता!"